उजव्या कडेची सुई

मृणालिनीच्या शेवटच्या रोलमध्ये छत्तीस निगेटिव्ह होत्या. त्यांतल्या पहिल्या एकवीस अचूक होत्या. बाविसावीपासून छत्तिसावीपर्यंतच्या पंधरा चुकलेल्या होत्या. उन्हातल्या काळ्याकुट्ट, घरातल्या जवळजवळ कोऱ्या. बाविसावी निगेटिव्ह नऊ मार्चची होती. चौदा मार्चला कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर तपासण्यात आला होता आणि तो बरोबर होता.

देवदत्तने निगेटिव्हची पट्टी पुन्हा एकदा खिडकीच्या काचेवर धरली. मुलुंडच्या त्या चौथ्या मजल्यावर सकाळी साडेनऊला उत्तरेकडून येणारा प्रकाश वर्षभर फारसा बदलत नाही, हे त्याला ठाऊक होते. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काढलेल्या माणसाला आपल्या घरातल्या खिडक्यांबद्दल एवढे तरी ठाऊक असतेच. दुसऱ्यांची मापके बरोबर मोजतात की नाही, ते मोजणे हा त्याचा व्यवसाय होता. तापमापक, दाबमापक, काटे, तराजू. लोक ती घेऊन येत, तो ती प्रमाण उपकरणाशेजारी ठेवी आणि दोहोंतला फरक कागदावर लिहून देई. फरकाबद्दल मत देणे त्याच्या कामात बसत नव्हते. रोल धुणाऱ्या फोटो लॅबमधल्या मिहिरने पाकीट हातात देताना मत दिले होते. ‘‘सर, मीटर गेलाय. मागच्या पंधरा फ्रेमची पार वाट लागलीय. स्कॅनमध्ये जेवढं ओढून काढता आलं तेवढं काढलंय, पण त्यात काय दम नाही.’’ देवदत्तने मान हलवली होती. मृणालिनीला जाऊन दहा महिने झाले होते आणि कपाट आवरताना कॅमेऱ्यात तसाच राहिलेला रोल निघाला होता, हे त्याने मिहिरला सांगितले नव्हते. स्कॅनवर त्याचा विश्वास नव्हता. स्कॅन करणारे यंत्र मनाने प्रकाश वाढवते, कमी करते, समजून घेते. निगेटिव्ह समजून घेत नाही. तिच्यावर जेवढा प्रकाश पडला तेवढीच ती काळी होते.

रोलसोबत मृणालिनीची छोटी वहीही होती. प्रत्येक फोटोपुढे ती तारीख आणि जागा लिहायची. जीवशास्त्राच्या बाईंची जुनी सवय, घाटकोपरच्या शाळेत नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता लागलेली. एकवीस: दोन मार्च, जिन्याखालचं मांजर. बावीस: नऊ मार्च, गच्ची, वाळवण. अठ्ठावीस ते तेहतीस: सतरा मे, इरावतीचं घर. छत्तीस: अकरा ऑगस्ट, खिडकी. अक्षर शेवटपर्यंत तसेच टपोरे होते. वीस ऑक्टोबरला मुलुंडच्या नाक्यावर रस्ता ओलांडताना तिला रिक्षाचा धक्का लागला, लागले फारसे नाही, पण इस्पितळात खबरदारी म्हणून डोक्याचा स्कॅन काढला आणि त्यात ती गाठ दिसली. जानेवारीत ती गेली. डॉक्टर दीप्ती नावाच्या तरुण बाईंनी तेव्हा सांगितले होते की गाठ झपाट्याने वाढणारी आहे, बहुधा दोन-तीन महिन्यांचीच असावी. ‘बहुधा’ हा शब्द देवदत्तने तेव्हाही ऐकला होता. पण दोन-तीन हे आकडे होते, आणि आकडा मिळाला की माणूस शब्दाकडे दुर्लक्ष करतो.

त्याने मुलीला, इरावतीला, फोन केला. ती बोरिवलीला राहायची, चैतन्यबरोबर. ‘‘आईचा कॅमेरा तू घेऊन जा,’’ तो म्हणाला. ‘‘मीटरमध्ये दोष दिसतोय, तो मी शोधून दुरुस्त करतो. मग घेऊन जा.’’

‘‘मला नको बाबा तो कॅमेरा.’’

‘‘का?’’

‘‘का म्हणजे काय? तू स्कॅन पाठवलेस ना मला. बघितलेस का तू नीट? माझ्या घरी येऊन तिने सहा फोटो काढले. चैतन्य आहे, चैतन्यची आई आहे, ती भिंतीवरची घड्याळाची खुंटी आहे. मी कुठे आहे? एकात खांदा, एकात नुसता हात.’’

‘‘मीटर बिघडलेला असला की—’’

‘‘मीटरने मला फ्रेमबाहेर नाही काढलं, बाबा.’’ आणि मग, ‘‘ठेवते. मीटिंग आहे.’’

त्यात तथ्य होते. प्रकाश चुकण्याचा आणि माणूस कापला जाण्याचा काही संबंध नव्हता. फोन खाली ठेवल्यावर देवदत्तच्या लक्षात आले की आपल्याला दोन प्रश्न सोडवायचे आहेत आणि आपण त्यांतला सोपा निवडला आहे. सोप्यापासून सुरुवात करणे ही पद्धतच होती.

इरावतीने चैतन्यशी नोंदणी पद्धतीने लग्न केले होते आणि घरी एका आठवड्यानंतर सांगितले होते. मृणालिनी ओरडली नाही, रडली नाही. ‘‘सांगितलं असतंस तर मी आले असते गं,’’ एवढेच म्हणाली, आणि हे एवढेच इरावतीला ओरडण्यापेक्षा जास्त लागले. पुढे दोन वर्षांनी बोरिवलीचे घर झाले. सतरा मेला गृहप्रवेशाला दोघे गेले तेव्हा देवदत्तला वाटले होते की आता हे संपेल. मृणालिनीने मोरपिशी साडी नेसली होती, गळ्यात कॅमेरा होता. आणि तिथे, सगळ्यांच्या देखत, इरावतीने श्रीखंडाची वाटी पुढे केली, ती मृणालिनीने पाहिलीच नाही. वळून चैतन्यच्या आईच्या हातची वाटी घेतली, ‘‘वा, मस्त झालंय हं,’’ म्हणाली. इरावती वाटी घेऊन तशीच उभी राहिली. घरी परतताना देवदत्त मृणालिनीला म्हणाला, ‘‘असं करायला नको होतंस.’’ ‘‘कसं?’’ ती म्हणाली. ‘‘तुला माहीत आहे कसं.’’ तिच्या चेहऱ्यावर जो गोंधळ दिसला तो त्याला सोंग वाटला. पंचेचाळीस वर्षांच्या ओळखीत तिने कधी सोंग केले नव्हते, ही नोंद त्याने त्या क्षणी विचारात घेतली नाही. त्यानंतर पाच महिने इरावतीचा फोन आला नाही, आणि आला तो इस्पितळात. तेव्हा मृणालिनीला शब्द सापडेनासे झाले होते. इरावती तीन महिने तिच्या उशाशी बसली, तिला भरवले, तिचे केस विंचरले, पण जे विचारायचे होते ते विचारायचे राहून गेले. ज्याला उत्तर देता येत नाही त्याला प्रश्न विचारण्याइतकी ती कठोर नव्हती.

तपासणी त्याने नियमाने केली. कॅमेरा जपानी बनावटीचा, एकोणीसशे बहात्तरचा, मृणालिनीच्या वडिलांनी तिला बी.एस्सी. झाल्यावर दिलेला. त्यातल्या मीटरची रचना साधी होती. डोळा लावून पाहिले की चित्राच्या उजव्या कडेला एक बारीक काळी सुई दिसे. प्रकाश जास्त असला की ती वर जाई, कमी असला की खाली. लेन्सवरचे कडे फिरवून ती मधल्या खाचेत आणली की प्रकाश बरोबर. बाकी चित्राकडे बघायचे आणि शेवटी उजवीकडे सुईकडे बघायचे, एवढेच. या मीटरसाठी पूर्वी पाऱ्याचा सेल मिळे, तो बंद झाला. मग मृणालिनी श्रवणयंत्रात घालतात तो सेल रबरी वळे लावून बसवायची. देवदत्तने आधी सेल मोजला: ठीक. सेलखालचा पत्रा भिंगाखाली पाहिला: हिरवट क्षार नव्हता. मग प्रकाश मोजायचा लक्समीटर आणि करड्या रंगाचा पुठ्ठा घेऊन तो दुपारी तीनपासून सूर्य डोंगराआड जाईपर्यंत बाल्कनीत बसला आणि दर दहा मिनिटांनी दोन्ही आकडे लिहीत गेला. सहाच्या सुमारास कांजूरमार्गच्या कचरा डेपोवरची घाण हवा आली, समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक लागल्या, तो बसून राहिला. कॅमेऱ्याचा मीटर पूर्ण पल्ल्यात कुठेही कड्याच्या अर्ध्या घरापेक्षा जास्त चुकला नाही. त्याने आयुष्यात याहून वाईट उपकरणांना प्रमाणपत्रे दिली होती.

बाल्कनीच्या त्याच कठड्याला टेकून मार्चमध्ये मृणालिनी म्हणाली होती, ‘‘देवा, सुई गेली रे.’’ कॉलेजपासून ती त्याला देवा म्हणायची. देवावर त्याचा विश्वास नव्हता म्हणून मुद्दाम. ‘‘गेली म्हणजे?’’ ‘‘म्हणजे नाहीये. परवापरवापर्यंत होती, आता नाही.’’ त्याने कॅमेरा हातात घेऊन डोळ्याला लावला. सुई होती. ‘‘ही काय, आहे की.’’ तिने पुन्हा पाहिले, मान जराशी वळवून, तोंड वाकडे करून, आणि म्हणाली, ‘‘हां, आली. आता आली.’’ ‘‘आली नाही, होतीच.’’ ‘‘बरं बाबा, होतीच. तुझ्याशी सुईसुद्धा शहाण्यासारखी वागते, मलाच त्रास देते.’’ तो हसला. अधूनमधून येणारा दोष हा सर्वांत त्रासदायक, कारण तपासायला घेतला की तो नसतो. अशा वेळी सेलचा स्पर्श तपासायचा असतो. त्याने सेल काढला, व्हिनेगरच्या बोळ्याने पत्रा पुसला, नवा सेल घातला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली आणि सुई पुन्हा होती. तेव्हा त्याने आपल्या वहीत, उपकरणांच्या वहीत, रीतसर नोंद केली. ते पान आता उघडायची त्याला गरज वाटली नाही. आपण काय लिहिले ते त्याला आठवत होते.

चार दिवसांनी तो कॅमेरा घेऊन घाटकोपरला काशीरामकडे गेला. काशीराम मालवणकडचा, बाप लालबागच्या गिरणीत, हा पोरवयापासून कॅमेऱ्यांत. स्टेशनच्या पश्चिमेला एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचा गाळा होता. आता कॅमेरे कमी आणि घड्याळे जास्त दुरुस्त करायचा. त्याने कॅमेरा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि देवदत्तकडे न बघता म्हणाला, ‘‘ह्यो बाईंचो कॅमेरो.’’

‘‘ओळखलंत?’’

‘‘तर! वळखतंय म्हणजे काय, तीस वर्सां मीच साफ करतंय त्येका. बाई खंय?’’

देवदत्तने सांगितले. काशीरामने कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला, टेबलावरचे स्क्रू बोटाने एका बाजूला सारले. मग त्याने दिव्याची पेटी लावली, मीटर तपासला, चार वेळा तपासला.

‘‘मीटराक कायएक झालेला नाय, साहेब. तेव्हाय नव्हता.’’

‘‘तेव्हा कधी?’’

‘‘एप्रिलात इली नाय काय बाई? तुमका बोलली नाय? बसली हयच, ह्या स्टुलावर. म्हणता, काशीराम, सुई हरवता. मी बघलंय, सुई आसा. परत त्येंका दिलंय, त्ये म्हणतत, नाय. परत मी बघलंय, आसा. शेवटाक मी म्हटलंय, बाई, मीटर सोडा, डोळे दाखवा कोणाक तरी. तर हसाक लागली. म्हणता, आमच्या घरात सगळ्या यंत्रांची तपासणी होता, माणसांची नाय.’’

काशीरामने ते विनोद म्हणूनच सांगितले आणि देवदत्तनेही ते विनोद म्हणून ऐकले, निदान ऐकताना. ‘‘मग दाखवले डोळे?’’ काशीरामने विचारले. ‘‘चष्मा बदलला,’’ देवदत्त म्हणाला. तो चष्मा त्याला आठवत होता. एप्रिलच्या शेवटी ती एकदम नव्या चष्म्यात घरी आली. नंबर तोच होता, चष्मेवाल्याने फळ्यावरची शेवटची ओळसुद्धा तिच्याकडून वाचून घेतली होती. तिने ती वाचली, एकेक अक्षर, सावकाश. ‘‘मग बदललास कशाला?’’ त्याने विचारले होते. ‘‘पेपर वाचताना ओळ पुढे सरकत नाही रे. छपाई खराब झालीय हल्ली.’’ छपाई खराब झालेली नव्हती. तो रोज तोच पेपर वाचत होता. आणखी एक गोष्ट त्याला तिथे, घड्याळांच्या टिकटिकीत, आठवली. त्या उन्हाळ्यात तिच्या उजव्या दंडावर सतत एक काळा-निळा डाग असायचा. स्वयंपाकघराच्या दाराची चौकट लागते म्हणायची. तीस वर्षे त्या चौकटीतून ये-जा करणाऱ्या बाईला ती चौकट त्याच वर्षी लागू लागली. आणि पाण्याचा पेला ती स्वतः उजव्या हाताला ठेवायची, आणि तोच पेला कोपराने पाडायची, आणि वर त्यालाच म्हणायची, ‘‘इथे कुणी ठेवला?’’ ही सगळी निरीक्षणे त्याच्यापाशी होती. ती एका कागदावर कधी आली नव्हती.

घरी येऊन त्याने आलेख काढला. आडव्या रेघेवर जागेचा प्रकाश, उभ्या रेघेवर निगेटिव्हमधली चूक. जागांचा प्रकाश त्याने अंदाजाने घेतला नाही; मृणालिनीच्या वहीतली तारीख-जागा पाहून तो त्या त्या वेळेला गच्चीवर, मंडईच्या कोपऱ्यावर, तळ्याच्या काठी जाऊन लक्समीटरने मोजून आला. ऋतूचा फरक धरून घेतला. सेल उतरला असता तर सगळे बिंदू एकाच दिशेला सरकले असते. स्पर्श खराब असता तर ते वाटेल तसे विखुरले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. नऊ बिंदू एका सरळ रेषेत आले, आणि रेषेचा चढ असा होता की त्याचा अर्थ एकच निघत होता: नऊही फोटोंत कॅमेऱ्याचे कडे आणि शटर एकाच जागी होते. रोल काढताना ते ज्या जागी सापडले होते तिथेच. कडे आठवर, आणि शटर एकशेपंचवीसवर. बाहेर कितीही ऊन असो, किंवा खोलीत कितीही अंधार, तिने काहीही फिरवले नव्हते. रेषा शून्याला जिथे छेदत होती तो प्रकाश त्याने वहीशी ताडून पाहिला. तो जिन्याखालच्या सावलीचा होता. एकविसावा फोटो, दोन मार्च, झोपलेले मांजर. तेव्हा तिने शेवटची सुई पाहिली, शेवटचे कडे फिरवले. त्यानंतरचे सगळे, गच्ची, मंडई, आणि बहुधा मुलीचे घरही, तिने त्या मांजराच्या प्रकाशात काढले.

मीटर बिघडलेला नव्हता. मीटर वाचलाच गेला नव्हता. यावर देवदत्तमधल्या संशयी माणसाने हरकत घेतली. चाळीस वर्षे हात बसलेल्या बाईला उन्हात कडे बंद करायला सुई कशाला लागते? आणि सुई दिसत नाही हे ती मार्चमध्ये दोनदा बोलली, एप्रिलमध्ये काशीरामकडे बोलली, मग पुढे बोलायची थांबली का? त्याने स्वतःला दिलेली सगळी उत्तरे मानसिक होती: रुसली असेल, कंटाळली असेल, इरावतीच्या लग्नाने मन उडाले असेल. अशी उत्तरे त्याने नोकरीत कधी स्वीकारली नव्हती. उरलेले सहा बिंदू बोरिवलीचे होते. तिथला प्रकाश मोजल्याशिवाय रेषा पूर्ण होत नव्हती. खरे म्हणजे नऊ बिंदू पुरेसे होते. तो रविवारी गेला.

इरावतीने दार उघडले तेव्हा त्याच्या एका खांद्यावर कॅमेरा आणि दुसऱ्यावर लक्समीटरची पिशवी होती. ‘‘बाबा, काय हे,’’ ती म्हणाली, ‘‘इन्स्पेक्शनला आलायस का?’’ चैतन्य बाहेर गेला होता. तिने चहा केला, त्याने हॉलमध्ये सहा ठिकाणी आकडे घेतले. सहाही बिंदू रेषेवर बसले. चहा गार होत होता.

‘‘मिळालं का काही?’’

‘‘ती कुठे उभी होती?’’

‘‘कोण?’’

‘‘आई. फोटो काढताना.’’

इरावतीने कप खाली ठेवला. ती उठली. ‘‘इथे. सोफ्याच्या टोकाशी. आणि चैतन्यच्या आई तिथे, कुंडीपाशी. मी इथे होते, देवघराच्या बाजूला. हातात वाटी. मी म्हटलं, आई, घे ना. दोनदा म्हटलं. पंखा चालू होता, माणसं बोलत होती, मान्य. पण मी दोन फुटांवर होते, बाबा. दोन फुटांवर.’’

‘‘जरा तशीच उभी राहतेस?’’

‘‘कशाला?’’

‘‘राहा ना गं.’’

ती स्वयंपाकघरात गेली आणि स्टीलची एक रिकामी वाटी घेऊन आली. हे करायला त्याने सांगितले नव्हते. देवघराच्या बाजूला उभी राहिली, हात पुढे केला, तोंडावर एक प्रकारचा राग होता, लहानपणी इंजेक्शन घेताना असायचा तसा. देवदत्त सोफ्याच्या टोकाशी गेला. छायाचित्र अठ्ठावीस त्याला पाठ होते. त्यात कुंडी डावीकडे होती, मधोमध चैतन्यच्या आईच्या शालूचा काठ. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला, कुंडी डावीकडे आणली, मध्य जुळवला. चित्र तंतोतंत बसले. मग सवयीप्रमाणे तो सुईकडे बघायला डोळा उजवीकडे घेऊन गेला.

सुई होती. सुईला लागून, सुईच्या पलीकडे अर्धी आणि अलीकडे अर्धी, इरावती होती, वाटी पुढे केलेली.

तो किती वेळ तसा उभा राहिला ते त्याने मोजले नाही. मृणालिनी शाळेच्या सहलीला मुलांना फोटो काढायला शिकवायची तेव्हा सांगायची, आधी कडा झाडून घ्या. चारी कडांवरून डोळा फिरवा, कुणाचा हात, कुणाची चप्पल आत घुसलीय का बघा, मग दाबा. तिच्या एकवीस फोटोंच्या कडा झाडलेल्या होत्या. पुढच्या पंधरांत डाव्या कडा तशाच स्वच्छ होत्या. उजव्या कडांत स्कूटरचे हॅण्डल होते, अनोळखी माणसाचे अर्धे धड होते, विजेच्या खांबाचा तुकडा होता, आणि मुलीचा हात होता. डॉक्टर दीप्तींनी ऑक्टोबरमध्ये कागदावर एक वर्तुळ काढले होते, त्याची उजवी अर्धी बाजू पेन्सिलीने भरली होती आणि म्हटले होते, ‘‘गाठ डावीकडे मागे आहे, म्हणून दोन्ही डोळ्यांनी ही बाजू त्यांना दिसत नाहीये. गंमत म्हणजे पेशंटला ते कळत नाही. तिथे काळं दिसत नाही. तिथे काही नसतंच.’’ ‘गंमत’ हा शब्द त्यांनी नकळत वापरला होता आणि लगेच ‘सॉरी’ म्हटले होते. तिथे काही नसतंच. म्हणजे सुई दिसेनाशी होणे ही पहिली पायरी, आणि सुई असायला हवी होती हे विसरणे ही दुसरी. मार्चमध्ये ती पहिल्या पायरीवर होती आणि बोलत होती. नंतर तिला तक्रार उरली नाही. सुई नाही म्हणजे चूक नाही, कडे फिरवायला कारण नाही.

‘‘बाबा? हात दुखतोय माझा.’’

त्याने कॅमेरा खाली घेतला. ‘‘इकडे ये,’’ तो म्हणाला. ‘‘इथे उभी राहा. वाटी दे माझ्याकडे.’’ तिच्या जागी तो जाऊन उभा राहिला, वाटी पुढे करून. ‘‘कुंडी डावीकडे घे. मध्ये काठ होता, म्हणजे आता टीव्हीचा कोपरा. जुळलं? आता सुई शोध.’’

‘‘कुठे असते?’’

‘‘उजवीकडे. अगदी कडेला.’’

तिने शोधली. त्याला तिचा कॅमेऱ्यावरचा अंगठा थांबलेला दिसला.

‘‘तू आहेस तिथे,’’ ती म्हणाली. ‘‘सुईवर.’’

‘‘तिला सुई दिसत नव्हती,’’ देवदत्त म्हणाला. ‘‘मार्चपासून. मी मोजून पाहिलंय. त्या सहाही फोटोंत तिने सुई पाहिली नाहीये. जिथे सुई तिला दिसत नव्हती तिथे तू होतीस. तिने वाटी नाकारली नाही, इरा. तिच्या बाजूने तिथे वाटी नव्हतीच. तूही नव्हतीस.’’

इरावतीने कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही. त्याच्यामागे चेहरा ठेवणे तिला सोयीचे गेले असावे. कॅमेऱ्यामागूनच ती म्हणाली. ‘‘पण डॉक्टर तर दोन-तीन महिने म्हणाल्या होत्या. आणि मी हिशेब केला होता, बाबा. मेमध्ये गाठ नव्हती म्हणून. म्हणजे मेमध्ये जे केलं ते तिने केलं म्हणून.’’

‘‘मीही तोच हिशेब केला होता.’’

‘‘पाच महिने मी फोन नाही केला तिला. फोन वाजायचा तर बघायचे आणि ठेवून द्यायचे.’’ आणि मग, कॅमेरा खाली घेत, एकदम, ‘‘मार्चपासून हे तुला कसं माहीत?’’

हा प्रश्न येणार हे त्याला मुलुंडहून निघतानाच ठाऊक होते. म्हणूनच वही पिशवीत होती. आईला निर्दोष सोडण्याचा दुसरा पुरावा त्याच्याकडे नव्हता. त्याने वाटी टीव्हीपाशी ठेवली, वही काढली, पान उघडून तिच्यापुढे धरले. चार रकाने होते. तारीख: चौदा मार्च. लक्षण: सुई अधूनमधून दिसत नाही, मृणालिनीचे म्हणणे. तपासणी: सुई जागेवर, सेल व स्पर्श ठीक. कारण: वापरणाऱ्याची चूक.

इरावतीने ते वाचले. पुन्हा वाचले.

‘‘तिने तुला सांगितलं होतं.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तू सेल बदललास.’’

‘‘हो.’’

‘‘सात महिने, बाबा.’’

‘‘सात महिने सहा दिवस.’’ हे बोलायला नको होते, पण ते बरोबर होते. त्या सात महिन्यांत नेमके काय वाचले असते, हे कुणी सांगू शकत नव्हते. ती वाचली असती असे म्हणायला आधार नव्हता. वाचली नसती असे म्हणायलाही नव्हता. एक गोष्ट मात्र आधारानिशी सांगता येत होती. सतरा मेला, या हॉलमध्ये, एका बाईला आपली मुलगी कुठल्या बाजूला उभी आहे हे कुणीतरी सांगू शकले असते, आणि तिने मान वळवली असती. मार्चमध्ये सुईसाठी वळवली होती तशी. मग सुई आली होती.

इरावती स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो चालूच राहिला. देवदत्त तिच्या मागे गेला नाही. तो सोफ्यावर बसला, वही मांडीवर घेतली. प्रयोगशाळेत चुकलेली नोंद खोडायची एक रीत होती: गिरवायचे नाही, पांढरे लावायचे नाही, खालचे वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. कुणी चूक केली आणि कधी कळली, हे पुढे बघणाऱ्याला दिसले पाहिजे. त्याने चौथ्या रकान्यातल्या दोन शब्दांवर तशी रेघ मारली, सही केली, तारीख घातली. रकान्यात जागा पुरेना म्हणून तो खालच्या कोऱ्या भागात लिहू लागला.

नळ बंद झाला. ओल्या हातांनी इरावती येऊन त्याच्या शेजारी बसली, उजव्या बाजूला, आणि तो काय लिहितो आहे ते वाचू लागली. त्याने लिहिले:

मीटर निर्दोष. सुई सर्व काळ जागेवर होती. पाहणाऱ्या व्यक्तीला दोन मार्च ते नऊ मार्च यांच्या दरम्यान दोन्ही डोळ्यांनी उजव्या बाजूचे दिसेनासे झाले. कारण: मेंदूच्या डाव्या मागील भागातली गाठ. हे तिने चौदा मार्चला सांगितले होते. ऐकणाऱ्याने फक्त उपकरण तपासले.